ती निळी फुलं विष्णुक्रांताच आहे का?

गणपती जवळ आले की आमच्या नर्सरीत लोक मोबाईल पुढे करत येतात, दादा येऊरला हे दिसलं, पत्रीतली विष्णुक्रांता हीच ना? बहुतेक वेळा ती नसते, म्हणून हा कागद छापला.

दाट झाडीत शोधू नका. उघडी मुरमाड जागा, पायवाटेची कड, जिथे ऊन थेट पडतं आणि गवत खुरटं राहतं तिथे ही जमिनीला चिकटून पसरते, एकाच मुळापासून चारी बाजूंना दोऱ्यासारख्या फांद्या. पान छोटं, लांबट, देठ जवळजवळ नाहीच, आणि पान-फांदी दोन्हींवर रेशमासारखी लव, बोट फिरवलं की कळते. फूल करंगळीच्या नखाएवढं, फिकट निळं, मध्ये पांढरं, पाकळ्या जोडलेल्या त्यामुळे इवलीशी बशीच वाटते. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, म्हंजे रविवारी आरामात उठून बाराला वर पोचलात तर समोर असून दिसायची नाही.

खरी खूण वेगळीच आहे. ही रताळ्याच्या कुळातली पण कशालाही विळखा घालत नाही, इव्हॉल्व्ह्युलस या लॅटिन नावाचा अर्थच उलगडलेलं असा आहे. काठीवर चढत असेल तर विषय संपला, तो बहुधा गोकर्ण असतो, त्यालाही काही जण विष्णुक्रांता म्हणतात तिथेच घोळ होतो, शेंग दिसली की गोकर्ण समजा. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि खाली हिरवी खोळ असेल तर तो केना. सोसायटीच्या लॉनमध्ये गोल पानांची, पांढऱ्या फुलांची, सांध्यासांध्याला मुळं धरणारी दिसते ती हिची अमेरिकेतली बहीण.

आणि कुंडीतली ब्लू डेझ, जी आम्हीच विकतो, ती ब्राझीलकडची, फूल चांगलं मोठं. काही ठिकाणी तीच विष्णुक्रांता म्हणून खपवतात, आमच्या बिलावर मात्र ब्लू डेझच लिहिलेलं असेल.

येऊरचं जंगल नॅशनल पार्कात येतं, तिथून काही उपटून आणू नका प्लीज, पूजेसाठी सुद्धा नाही. तीन फोटो काढा, पूर्ण झाड वरून, पान जवळून आणि फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, तेवढ्यावर आम्ही सांगतो, फुकट. औषध म्हणून घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारा, आमच्या ओळखीवर काही पोटात घेऊ नका.

रोप हवं असेल तर आधी सांगून ठेवा, बियांपासून करतो, वेळ लागतो.