इंजिन-संगणक : दोषनिदान व दुरुस्ती

मोटारीत इंधन किती फवारायचे, ठिणगी केव्हा पाडायची, थंड इंजिनाला किती जास्त पेट्रोल द्यायचे हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील बिघाड शोधणे व दूर करणे. कंपन्यांच्या पुस्तिकांत या नियंत्रकाला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ‘ईसीएम’ व ‘कंप्युटर’ हे दोन्ही शब्द चालतात आणि मेस्त्री मराठी बोलणारा असो वा कन्नड, हे शब्द तेच राहतात.

पहिला इंजिन-संगणक कोणता, याबद्दल एकमत नाही. काही लेखक त्याचा उगम दुसऱ्या महायुद्धातील बीएमडब्ल्यूच्या विमान-इंजिनावरील ‘कोमांडोगेरेट’मध्ये पाहतात. वैमानिकाच्या एकाच दांड्यावरून ते यंत्र अनेक गोष्टी जुळवून घेई. मात्र ते तेलाच्या दाबावर व यांत्रिक जोडण्यांवर चालणारे होते. अमेरिकी लेखनात १९५७-५८च्या सुमारास आलेल्या बेंडिक्सच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’ला अग्रमान मिळतो. तो फारच थोड्या गाड्यांना बसला आणि त्यांपैकी बहुतेकांना पुढे कार्बोरेटर लावावा लागला. बॉशची डी-जेट्रॉनिक पद्धत १९६७मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली व टिकली; पण तीही ॲनालॉग होती, म्हणजे तिच्यात साठवलेला कार्यक्रम (प्रोग्रॅम) नव्हता. अमेरिकेत १९७७च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) आला, तो केवळ ठिणगीच्या वेळेपुरता. इंधन व ठिणगी दोन्ही एकाच अंकीय नियंत्रकाने सांभाळणारी बॉशची ‘मोट्रॉनिक’ १९७९मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. दोषनिदानाच्या दृष्टीने मोट्रॉनिकला पहिला मानणे अधिक ग्राह्य वाटते. स्वतःचा बिघाड लक्षात ठेवायचा तर यंत्राला स्मृती हवी, आणि ती अंकीय नियंत्रकांबरोबरच आली.

बिघाडाची नोंद ठेवण्याची सक्ती प्रथम कॅलिफोर्नियात १९८८च्या गाड्यांपासून झाली. अमेरिकेत १९९६पासून सर्व नव्या मोटारींना १६ पिनांचा एकसारखा कपलर (तारा जोडण्याचा खटका) व समान कोड, म्हणजे बिघाडाचे सांकेतिक क्रमांक, आले. भारतात भारत स्टेज ४ या गाड्यांच्या धुरावरील नियमांबरोबर या सक्तीचा २०१०पासून पहिला व २०१३पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्याआधीच्या काही एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंधन फवारणाऱ्या) गाड्यांत कपलरच्या दोन पिना वायरने जोडून चेक लाइट, म्हणजे इंजिनातील बिघाड दाखवणारा डॅशबोर्डवरील दिवा, किती वेळा लुकलुकते ते मोजत आणि त्यावरून कोड ओळखत.

कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही, तो मंडलाचे (सर्किटचे) नाव सांगतो. हे विसरल्यामुळेच बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या होतात. पी ०३३५ म्हणजे इंजिनाच्या क्रँकदांड्याची स्थिती सांगणाऱ्या क्रँक सेन्सरच्या मंडलात दोष. तो सेन्सरमध्ये असेल, वायरीत असेल, कपलरच्या सैल पिनेत असेल, आणि क्वचितच ईसीएममध्ये. म्हणून ईसीएमवर ठपका सर्वांत शेवटी ठेवावा. किल्ली फिरवल्यावर चेक लाइट लागलीच नाही व कोड वाचणारा स्कॅनरही जोडला जात नसेल, तर आधी फ्यूज, मेन रिले आणि अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी जोडणी) तपासावे. सर्व सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा दाब गायब असेल, तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, त्या सेन्सरमध्ये शॉर्ट असतो.

अर्थची तपासणी येथे सविस्तर देणे आवश्यक आहे. ओममापकावर वायर चांगली दिसते, कारण मापकाचा प्रवाह अत्यल्प असतो. वायरीच्या बारीक तारांपैकी एकच तार शिल्लक असली, तरी ती जवळजवळ शून्य ओम दाखवते. प्रत्यक्ष भार तिला पेलत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे व पंखा लावून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे ईसीएमच्या कपलरमधील अर्थच्या पिनेला लावावे. वाचन सुमारे ०.१ व्होल्टच्या आत हवे. ते अर्धा व्होल्ट निघाले, तर ईसीएमचा ‘शून्य’च वर सरकलेला असतो आणि सेन्सर निर्दोष असूनही त्यांची मापे चुकतात. बॉडीवरचा एक गंजलेला बोल्ट घासून घट्ट केल्यावर ‘ईसीएम गेला’ म्हणून सोडून दिलेली गाडी सुरळीत चालू लागते.

सीमाभागाच्या हवामानाचा येथे थेट संबंध येतो. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी हा पट्टा व पुढे चोर्ला घाट येथे पाऊस प्रचंड पडतो. कपलरचे रबरी सील कडक झाले, की ओल आत शिरते व पितळी पिनांवर हिरवट खार धरतो. भातकापणीनंतर उंदीर बोनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. वरचे आवरण शाबूत दिसते, आतली तार तुटलेली असते. अथणीकडील कोरड्या भागात धुळीचा त्रास अधिक.

खरोखरच ईसीएम खराब असेल, तर कारण शोधल्याशिवाय नवा बसवू नये. इग्निशन कॉइल शॉर्ट असल्यास ती बोर्डावरील ट्रान्झिस्टर जाळते. कॉइल न बदलता ट्रान्झिस्टर बदलला, तर तोही जळतो. बॅटरीच्या तारा उलट लावणे, अल्टरनेटरचा दाब १५ व्होल्टच्या पुढे जाणे, बॅटरी न काढता बॉडीवर वेल्डिंग करणे ही नेहमीची कारणे. जुन्या बोर्डांतील कपॅसिटर गळून तांब्याच्या वाटा खातात. तो भाग स्वच्छ करून डाख देता येतो. सिरॅमिक पट्टीवरील, जेलखाली झाकलेल्या बोर्डांच्या केसाएवढ्या तारांना साधी सोल्डरिंग गन लावू नये.

जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम क्रमांक जुळला तरी अनेकदा गाडी चालू करत नाही, कारण चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची किल्लीशी असलेली ओळख स्मृतीच्या चिपमध्ये नोंदलेली असते. ती माहिती जुन्या बोर्डावरून उतरवून नव्यात भरावी लागते; त्यामुळे जळालेला ईसीएमही ग्राहकाने भंगारात देऊ नये. दुरुस्तीनंतर बोर्ड गरम हवेने तापवून, मग थंड करून दोन्ही अवस्थांत तपासावा. सैल डाखाचा दोष बहुधा उष्णतेतच दिसतो.