सकाळच्या सवालाची पार्श्वभूमी : बातमीला बंदी, गप्पांना मुभा

सोलापुरात सकाळच्या वेळी खाजगी एफ.एम. वाहिनी लावली की दोन गाण्यांच्या मध्ये बहुधा एक सवाल येतो आणि तो पुष्कळदा रेडिओविषयीचाच असतो : रेडिओचा परवाना पूर्वी कोणत्या कचेरीत मिळत असे, विविध भारती कोणत्या वर्षी सुरू झाली, किंवा आकाशवाणीची पहाटेची धून कोणत्या देशातून आलेल्या संगीतकाराने बांधली. फोन लागला तरी उत्तर लगेच विचारले जात नाही. "काकू, पाणी आलं का तुमच्याकडं?" ही चौकशी आधी होते, मग डब्याला काय केले ते विचारले जाते, उन्हाविषयी एखादे वाक्य होते आणि मग सवाल. हा साचा एखाद्या निवेदकाच्या डोक्यातून निघाला असे समजले जाते. प्रत्यक्षात तो परवान्याच्या अटींनी आणि जमाखर्चाने घडवला आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १९२७ साली मुंबईत नियमित प्रसारण सुरू झाले, ते चालवणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि त्यानंतर सुमारे सात दशके माध्यम सरकारच्या हाती राहिले. १९५२ च्या सुमारास सरकारी रेडिओवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. आजच्या सवालाला या काळातून मिळालेला वारसा म्हणजे फर्माईश. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव लिहून, खाली घरातल्या सगळ्यांची नावे आणि गाव घालून पाठवायचे, आणि मग कधीतरी ती नावे कानावर पडायची. गाणे तर कोणाच्याही फर्माईशीने लागलेच असते, परंतु आपले नाव दिल्लीने किंवा मुंबईने उच्चारले याचे अप्रूप मोठे होते. आजचा फोन करणाराही बक्षिसाइतकाच त्यासाठी फोन करतो.

प्रश्नोत्तरांची स्पर्धा रेडिओवर निराळ्या वाटेने आली. शालेय विद्यार्थ्यांची इंग्रजीतील एक प्रसिद्ध प्रश्नमंजूषा १९७२ मध्ये रेडिओवर सुरू झाली. तिच्यात गप्पांना जागा नव्हती, कारण ती हुशारीची परीक्षा होती. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणीने प्रेक्षकांना घरबसल्या उत्तरे पाठवायला शिकवले, तेव्हा टपाल खात्याने अशा उत्तरांसाठी वेगळे स्पर्धा पोस्टकार्ड काढले. साधे कार्ड ५० पैशांना मिळते आणि स्पर्धेचे १० रुपयांना. पुढे मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले, आणि मिस कॉल द्यायचा, मग वाहिनीनेच उलट फोन करायचा ही पद्धत रुळली. पोस्टकार्डाचे युग संपवण्यात या एका बदलाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा आहे, तरी रेडिओच्या आठवणी सांगणारे त्याचा उल्लेख सहसा करत नाहीत.

सोलापूरसारख्या शहरांत खाजगी एफ.एम. येण्याचे कारण २००५ च्या धोरणात आहे. खाजगी एफ.एम.च्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २००१ च्या सुमारास, परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होते आणि त्याखाली महानगरांतल्या वाहिन्याही दबल्या होत्या. दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि त्यानंतर एकूण उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के अशी रचना झाली, शहरांची यादी ९१ पर्यंत गेली आणि तीत सोलापूर आले. तरीही येथील जाहिरातीची बाजारपेठ म्हणजे कापडदुकाने, सराफ, शिकवण्या आणि मंगल कार्यालये. शिवाय २०१० पर्यंत गाण्यांचे मानधन, म्हणजे वाहिनीने गाण्यांच्या हक्कधारकांना द्यायची रक्कम, प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांच्या तासांवर आकारले जात असे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणणारा निर्णय झाला. तोवर निवेदकाने मारलेल्या गप्पांचे प्रत्येक मिनिट हे मानधन वाचवणारे मिनिट होते. सवाल, फोन आणि विचारपूस यांना लेखक लागत नाही, वार्ताहर लागत नाही आणि मानधनही द्यावे लागत नाही.

वार्ताहर न लागण्याचे खरे कारण मात्र कायदेशीर आहे आणि या विषयातला सर्वांत वादग्रस्त निर्णय तोच. खाजगी एफ.एम. वाहिन्यांना बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करण्याची मनाई पहिल्या टप्प्यापासून आहे. वर्तमानपत्राला जी मोकळीक आहे, उपग्रह वाहिन्यांना जी आहे, ती रेडिओला का नाही, याचे पटेल असे उत्तर सुरक्षेच्या मोघम उल्लेखापलीकडे मिळालेले नाही. लहान शहरांत ही वाहिनी स्वस्त असते, अक्षरओळख नसलेल्यापर्यंत पोहोचते आणि ऐकणाऱ्याचे हात कामाला मोकळे ठेवते, आणि नेमके म्हणूनच तिची धास्ती वाटली असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मनाईच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की शेकडो वाहिन्यांवर बोलले जाणारे प्रत्येक वाक्य तपासण्याची यंत्रणा सरकारकडे नव्हती. परंतु यंत्रणा नाही म्हणून तोंडच बंद करणे हा उपाय वर्तमानपत्रांच्या बाबतीत कोणी सुचवला नसता.

मनाई झाली तरी बातमी कशाला म्हणायचे हा गुंता उरलाच. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात त्याची उकल करण्याचा प्रयत्न झाला. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावण्यास परवानगी मिळाली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, तसेच वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती व आरोग्य यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना या गोष्टी बातमीत मोडत नाहीत असे ठरले. सोलापुरात या वाक्यातले "स्थानिक प्रशासनाने दिलेल्या" हे शब्द फार महत्त्वाचे ठरतात. ज्या शहराला उजनी धरणाचे पाणी काही भागांत चार-चार, पाच-पाच दिवसांआड मिळते, तेथे पाणी उद्या येणार ही सूचना वाहिनीला देता येते, पण ते का आले नाही याची चौकशी करणे धोक्याचे ठरते. त्यामुळे चौकशी फोनवरल्या गप्पांत शिरली. "आलंय की ओ, पहाटं चारला. दोन बॅरल भरले बघा," असे साखर पेठेतून कोणी सांगते आणि विजापूर रस्त्यावरून दुसरे कोणी "आमच्याकडं आज पाचवा दिवस" म्हणते, तेव्हा शहराचे त्या दिवसाचे पाणीचित्र श्रोत्यांसमोर उभे राहते. निवेदक त्यावर भाष्य करत नाही. तो "बरं काकू, आता सवाल ऐका" असे म्हणून पुढे जातो.

सवालाचा विषय रेडिओ का, हेही यावरून उमगते. सोलापूरविषयी प्रश्न काढायला सामग्रीची वाण नाही. १९३० च्या मार्शल लॉपासून १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपर्यंत आणि चीनमध्ये गेलेल्या डॉ. कोटणीसांपासून चादरीच्या भौगोलिक मानांकनापर्यंत शंभर प्रश्न सहज निघतील. पण शहराचा विद्यमान महापौर कोण, हा प्रश्न सामान्यज्ञानाचा की चालू घडामोडींचा, याचा निवाडा कोणी करायचा? रेडिओचा इतिहास या तंट्यात अडकत नाही. शिवाय या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे एकाच बोळात आहेत, आणि सीमेलगतच्या या शहरात पुणे, धारवाड आणि हैदराबाद या तिन्ही केंद्रांना ऐकणारे होते. पुण्याचे केंद्र १९५३ चे, धारवाडचे १९५०चे. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराला आणि नवी पेठेतल्या मराठी दुकानदाराला एकाच वेळी सांगता येईल अशी आठवण रेडिओखेरीज फारशी नाही. विडी वळणाऱ्या बायका मांडीवरच्या सुपात तंबाखू आणि कापलेली पाने घेऊन बसतात, बोटे थांबत नाहीत आणि मान वर होत नाही. त्यांना दिवसभराची सोबत आवाजाचीच लागते, आणि फोन लावायचा झाला तर घरातली शाळकरी मुलगी तो लावून आईच्या कानाशी धरते.

बातमीबंदीविरुद्ध २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जानेवारी २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रे खाजगी वाहिन्यांना मोफत देण्यास सुरुवात झाली, म्हणजे बातमी द्या पण ती आमचीच, असा तो उदारपणा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार व प्रसारणाच्या नियामकानेच, म्हणजे 'ट्राय'ने, शिफारस केली की खाजगी वाहिन्यांना दर तासाला १० मिनिटांपर्यंत स्वतःच्या बातम्या देऊ द्याव्यात. ती पूर्णतः अमलात आली तर पाणी का आले नाही हे उघडपणे विचारता येईल. मात्र त्यासाठी पगारी वार्ताहर ठेवावा लागेल, आणि ती १० मिनिटे सकाळच्या त्याच तासातून, गाणी, जाहिराती किंवा काकूंचा फोन यांपैकी कशाला तरी कात्री लावून काढावी लागतील.