खाटेवर नाचतं, पण पिकअपमध्ये चढत नाही

सारंगखेड्याच्या यात्रेतून आमच्या नानांनी एकदा तरणं घोडं आणलं. वय अडीच वर्षं. हलगी वाजली की खाटेवर चढून नाचायचं. विकणाऱ्याने दोरी धरून नुसता खांदा हलवला, तरी त्याचे पुढचे पाय उचलले जायचे. "भाऊ, धाकलं पोरगं बसाडी देखा, हालाव नही," तो म्हणाला. पोरगं बसवलं, घोडं हललं नाही. सौदा झाला. संध्याकाळी पिकअप आली आणि खाटेवर चढणारं ते घोडं फळीवर पाय ठेवेना. दोन तास, सहा माणसं आणि एक तुटलेली मोरखी. घरी आल्यावर नालबंदाला मागच्या पायाला हात लावू देईना तो भाग वेगळाच.

दत्तजयंतीला तापीकाठच्या या यात्रेत मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे येतात. गिऱ्हाईक उंची इंचात विचारतं, रंग पाहतं, भोवरे पाहतं, मग म्हणतं, "याला येतं काय काय?" दोन-अडीच वर्षांच्या जनावराबाबत हा प्रश्न मला उलटा वाटतो. इतक्या लवकर त्याला इतकं कसं येतं, हे आधी विचारायला हवं.

त्यासाठी आधी खरं वय कळायला हवं, म्हणून ओठ उचलून बघावं. बैलाचे दात आपल्याकडे कुणीही सांगेल, पण बैलाला समोरचे दात खालीच असतात. घोड्याला वर-खाली सहा-सहा. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीजवळ बारीक होत गेलेला. पक्का दात रुंद, पिवळसर, पुढून खाच असलेला. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. याच काळात आतल्या दाढाही बदलत असतात. दुधाच्या दाढेची टोपी, म्हणजे पक्क्या दाढेवर उरलेला तिचा तुकडा, सुटत आलेली असताना तोंडात लोखंडी लगाम घातला, तर घोडं डोकं झटकणारच. मालक त्याला अडेल म्हणतो.

हाडांचं वेळापत्रक त्याहून लांब. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची पातळ पट्टी असते. ती पूर्ण हाड झाली की तिथली वाढ थांबते. गुडघ्याखालच्या नळीतली खालची पट्टी वर्षाच्या आत मिटते. गुडघ्याच्या लगेच वरची साधारण दोन ते अडीच वर्षांनी. पाठीच्या मणक्यांमधल्या मात्र पाच वर्षांपर्यंत आणि पुढेही उघड्या राहतात. म्हणजे आपण खोगीर ठेवतो नेमक्या त्या जागी, जी सगळ्यांत उशिरा पक्की होते. नाचताना मागच्या पायांवर उभं राहिलं की सगळं वजन मागचे सांधे आणि कमरेवर येतं, ते निराळं.

याचा अर्थ पाच वर्षं खुंट्याला बांधून ठेवा, असा नाही. ती चूक तर जास्त घरांत दिसते. हाड ताणाला प्रतिसाद देतं. लहानपणी मोकळं पळालेल्या शिंगराचं हाड तबेल्यात वाढलेल्यापेक्षा दणकट होतं. शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदींत तर दुसऱ्या वर्षी धावायला लागलेल्यांची कारकीर्द पुढे लांब निघालेली दिसते. अर्थात त्यात एक मेख आहे: जे मुळातच कमकुवत होते, ते दुसऱ्या वर्षी धावायला उतरलेच नसतील. पण सरळ रेषेतली छोटी दौड वेगळी, आणि दोरीवर तासभर गरगर फिरवणं किंवा टणक जमिनीवर पाय आपटायला लावणं वेगळं. वजनाचा हिशेबही करावा. पूर्ण वाढलेल्या घोड्यांवर २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात स्वार आणि खोगीर मिळून शरीराच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं निभावलं, २५ टक्क्यांपासून स्नायू दुखू लागले. ३०० किलोच्या तरण्या घोड्याला २० टक्के म्हणजे ६० किलो. लग्नातला नवरदेव शेरवानीसकट किती भरतो, ते ज्याचं त्याने बघावं.

आता दुसरी गोष्ट, जी नानांना महागात पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये त्याचं कोडं उलगडलं. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं किंवा तो हान्सला दिसत नसला की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं किंचित हलायचं, स्वतःच्याही नकळत, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. यात फसवणूक कुणीच करत नव्हतं. नानांच्या घोड्याचंही तसंच होतं. तो हलगीवर कमी आणि त्या माणसाच्या खांद्यावर जास्त नाचत होता, आणि तो खांदा काही पिकअपमध्ये आला नाही.

म्हणून मी बाजारात वेगळंच बघतो. सकाळी लवकर जायचं, हलगी सुरू व्हायच्या आत, कारण दमवलेलं जनावरही शांतच दिसतं. विकणाऱ्याला म्हणायचं, दादा, दोरी माझ्याकडे द्या आणि जरा चहा घेऊन या. मग बाकीच्या घोड्यांपासून पन्नास पावलं लांब न्यायचं. दोरी सैल ठेवून चालतं का? खांद्यापासून खाली हात फिरवत नेला तर चारही पाय उचलू देतं का? बांधल्यावर ओढाताण न करता उभं राहतं का? कान, तोंड, शेपटीखाली हात चालतो का? फळीवर चढतं का? दोन-अडीच वर्षांच्या घोड्याला एवढं आलं तरी माझं समाधान होतं. पाठीवर कपडा टाकून घेत असेल तर सोन्याहून पिवळं. स्वार तीन वर्षांनंतर, तोही हलका आणि थोडा वेळ. खरं काम चार-पाचला.

बाकीचं घरी शिकवता येतं, आणि घाई करून ते लवकर येत नाही. तट्टांवरच्या एका जुन्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच शिकवलेल्यांना तेच काम रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी बैठकांत जमलं. दोरीचा ताण द्यायचा, आणि घोड्याने एक पाऊल दिलं की त्याच क्षणी सोडायचा. शिकवणारा असतो तो सुटलेला ताण. उशिरा सोडला तर घोडं भलतंच शिकतं. शाबासकी म्हणून मानेवर थापट्या मारण्यापेक्षा आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजलं गेलं आहे.

नानांच्या घोड्याला फळीपासून सगळं नव्याने शिकवावं लागलं. पुढच्या यात्रेत त्यांनी एक घोडी पसंत केली. विकणारा ओशाळून म्हणाला, "हिला अजून काही येत नाही." नानांनी पाय उचलून बघितले, चारही. मग पिकअपची फळी खाली टाकली. घोडीने फळी हुंगली, एकदा टाप वाजवून बघितली आणि वर गेली.