चिखल्या केवळ चिखलाने होत नाहीत
भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या चिखलामुळेच, हा समज नावातूनच रुजला असावा; प्रत्यक्षात ओलाव्याने मऊ पडलेल्या त्वचेवर बहुधा बुरशी वाढते, आणि म्हणूनच बंद बुटांत घामेजणाऱ्या पायांनाही त्या होतात. करंगळीशेजारची बेचकी पांढरी पडून सोलवटते व खाजते. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलचे बुरशीनाशक मलम खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. स्टेरॉइडमिश्रित मलम खाज दडपते आणि बुरशीला मोकळे रान देते. नख पिवळे, जाड, ठिसूळ झाले तर बुरशी नखात शिरलेली असू शकते, आणि तिला मलम सहसा पुरत नाही. सोरायसिस या त्वचाविकारातही नखे तशीच दिसत असल्याने आधी तपासणी करावी, कारण टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष जाते.