युरोपा: प्रदक्षिणा नाही, 49 भेटी

इंदुरात राजवाड्याजवळच्या गच्चीवरूनही 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून गुरूशेजारचे चार ठिपके, म्हणजे त्याचे चार मोठे चंद्र, दिसतात. 40 पट वर्धन पुरते, फक्त स्टँड डगमगता कामा नये. त्यांतला युरोपा मात्र रोज नव्याने ओळखावा लागतो, कारण 3 दिवस 13 तासांत त्याची गुरूभोवतीची फेरी पूर्ण होते.

1979 च्या छायाचित्रांत त्याच्यावर खड्डे जवळजवळ नव्हते, नुसत्या भेगा होत्या. बर्फाखाली समुद्र असावा या शंकेला पुढे गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजमापांनी बळ दिले. त्या यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा पुरता उघडलाच नव्हता; सेकंदाला 134 किलोबिटऐवजी फार तर 160 बिटांवर भागवावे लागले.

मग वाद पेटला. समुद्र आहे, तर युरोपाभोवतीच फिरणारे यान पाठवा, असा एका गटाचा आग्रह. पण युरोपा गुरूच्या तीव्र किरणोत्सारी पट्ट्यात आहे. तिथे मुक्काम ठोकलेले यान काही महिन्यांतच निकामी होते, आणि माहिती गोळा होते त्यापेक्षा फार हळू पृथ्वीवर पोचते. यान मरेल तेव्हा बरीचशी माहिती त्याच्यातच अडकलेली असेल. म्हणून नासाच्या 'युरोपा क्लिपर' यानासाठी ठरले की फेऱ्या गुरूभोवतीच मारायच्या, साधारण 21 दिवसांनी, असे 49 वेळा, युरोपाजवळून जायचे, जवळात जवळ 25 किलोमीटरवरून, आणि मधल्या दिवसांत माहिती पाठवायची.

ही तडजोड होती असे अजूनही म्हटले जाते. ते चूक आहे. मे 2024 मध्ये कळले की यानातले काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी किरणोत्सारात बिघडतात. सगळे उघडून बदलायचे तर उड्डाणाची संधी हुकली असती. चाचण्यांत दिसले की पट्ट्याबाहेर काढलेल्या सुमारे 20 दिवसांत ते बरेचसे सावरतात. युरोपाभोवतीच्या कक्षेत ही उसंत मिळालीच नसती. 14 ऑक्टोबर 2024 ला क्लिपर निघाले.

मराठीत इथे शब्दाचा गुंता होतो. 'उपग्रह' आपण चंद्रालाही म्हणतो आणि माणसाने सोडलेल्या यानालाही. क्लिपर गुरूचा कृत्रिम उपग्रह होणार, युरोपाचा नव्हे. मुलांना सांगताना हे आधी स्पष्ट करावे.

यान एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल. त्यावर जगभरातून आलेली 26 लाखांवर नावे आहेत, एका छोट्या चिपवर 75 नॅनोमीटर उंचीच्या ओळींत कोरलेली. ती चिप ज्या टँटलम धातूच्या पत्र्यावर बसवली आहे, तोच पत्रा इलेक्ट्रॉनिक्सच्या जाड पेटीचे एक तोंड किरणोत्सारापासून बंद करतो.