अल्फा फाय डेल्टा

अल्फा फाय डेल्टा : इटालियन वारशाची अमेरिकन कॉलेज-फ्रॅटर्निटी. न्यू यॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात ५ नोव्हेंबर १९१४ रोजी स्थापना. ‘फॅचिआमुस’ (आपण करू या) हे लॅटिन ब्रीदवाक्य, जांभळा व पांढरा हे रंग आणि ‘क्लिओस’ हे मुखपत्र. आज सभासदत्वाला वंशाची अट नाही.

अमेरिकन कॉलेजांतील फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांचे नुसते मंडळ नव्हे. एकदा दीक्षा घेतली की सभासद जन्मभराचा ‘ब्रदर’ होतो. राहण्याची सोय, जेवणाची पंगत, जुन्या प्रश्नपत्रिका, पुढे नोकरीसाठी शब्द टाकणारा वकील किंवा बँकर, हे सगळे त्याच्यामागे येते. १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कप्पा निघाली आणि ग्रीक अक्षरांचे नाव घेण्याची रीत तिच्यापासून पडली. १८२५ मध्ये युनियन कॉलेजात निघालेल्या कप्पा अल्फाने या प्रकाराला आजचे सामाजिक रूप दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलेजातली प्रतिष्ठा बऱ्याच अंशी या घरांच्या, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या, हातात होती. आत घ्यायचे की नाही हे सभासद गुप्त मतदानाने ठरवत. लाकडी पेटीला एक भोक असे. पसंतीला पांढरी गोटी, नापसंतीला काळी. आत टाकलेला हात कोणाला दिसत नसे आणि पुष्कळ ठिकाणी एक काळी गोटी नकाराला पुरे होई. कारण सांगायची गरज नसल्यामुळे ज्यू, कॅथलिक किंवा कृष्णवर्णीय मुलाला बाहेर ठेवणे फार सोपे जाई. अनेक संघटनांनी तर हे नियमांतच लिहून टाकले होते.

नाकारले गेलेल्यांनी आपापली घरे बांधली. ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाऊ १८९८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये निघाली, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला. अल्फा फाय डेल्टा याच ओळीतली.

इटालियनांची अडचण जरा वेगळी होती. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे शेतमजूर होते. रेल्वेमार्ग, खाणी आणि बांधकामांवर त्यांची गरज होती, पण शेजारी म्हणून ते कोणाला नको होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने अकरा इटालियनांची हत्या केली. १९११ मध्ये अहवाल देणाऱ्या डिलिंगहॅम आयोगाने (स्थलांतराच्या चौकशीसाठी अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या) उत्तर आणि दक्षिण इटालियन असे दोन वेगळे वंशच मानले. अशा घरातला मुलगा कॉलेजपर्यंत पोचणे विरळाच. पोचला तरी तिथे मेथडिस्टांनी स्थापलेले सिराक्यूजसारखे विद्यापीठ आणि त्यात हा कॅथलिक, आडनाव स्वरान्त, म्हणजे इटालियन म्हणून लगेच ओळखू येणारे.

सिराक्यूजमध्ये प्रथम ‘इल चिर्कोलो इतालियानो’ हे इटालियन मंडळ होते. भाषा, साहित्य, व्याख्याने असे त्याचे स्वरूप. त्यातल्या काहींना तेवढ्याने भागेना. त्यांना बाकीच्यांसारखीच फ्रॅटर्निटी हवी होती. संस्थापकांत फर्डिनांड दिबार्तोलो यांचे नाव प्रमुख आहे. लक्षात घेण्याजोगे हे, की दान्तेच्या या वारसदारांनी नाव इटालियन न ठेवता ग्रीक अक्षरे घेतली. ज्यांनी दार लावून घेतले होते त्यांचाच साचा त्यांनी जसाच्या तसा उचलला : शपथ, पिन, गुप्त विधी, शाखांना अक्षरे, सगळे. याला अनुकरण म्हणता येईल. पण कॅम्पसवर मान कशाला आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि मंडळाला तो मान मिळणार नव्हता.

या संघटनेने एक काम न ठरवता केले. सभासदांचे आईवडील स्वतःला ‘इटालियन’ म्हणवत नसत. ते सिसिलीचे, कालाब्रियाचे, नापोलीजवळच्या अमक्या गावचे असत. अमेरिकेतही वस्त्या, देवस्थानांचे उत्सव आणि मदतमंडळे गावकीप्रमाणेच बसली. एकमेकांची बोली न समजणाऱ्या घरांतली मुले फ्रॅटर्निटीत आली ती इटालियन म्हणून. हा इटालियनपणा पुष्कळसा अमेरिकेतच घडला, आणि तो घडवणाऱ्या जागांपैकी ही एक.

विस्ताराची पद्धत अशी, की एखाद्या कॉलेजातले इटालियन विद्यार्थी गट करत आणि गट मूळ संघटनेला येऊन मिळे. सिराक्यूज ही ‘अल्फा’, कोलंबिया ‘बीटा’. ग्रीक अक्षरे संपल्यावर जोडअक्षरांची नावे सुरू झाली. शाखांचा नकाशा स्थलांतराच्या नकाशावर बसतो. न्यू यॉर्कनंतर पेनसिल्व्हेनियातील कोळसा-पोलादाचा पट्टा, म्हणजे पिट्सबर्ग, ड्युकेन, पेन स्टेट, आणि पलीकडे ओहायो. १९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला. नवे लोक येणे जवळजवळ थांबले, तरी आधी आलेल्यांची मुले आता कॉलेजच्या वयाची होत होती. कोलंबियातील ‘कासा इतालियाना’ ही वास्तू १९२७ मध्ये उघडली, ती याच पिढीच्या उमेदीची खूण. (१९३४ मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकाने तीच वास्तू फॅसिस्ट प्रचाराचा अड्डा ठरवली.)

१९३० च्या दशकातील मंदीने वाढ रोखली आणि युद्धाने शाखा ओस पाडल्या. १९४२ मध्ये नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांवर ‘शत्रुदेशीय’ म्हणून निर्बंध होते. त्यांपैकी अनेकांची मुले त्याच वेळी अमेरिकन गणवेशात होती. निर्बंध उठले ते ऑक्टोबरमध्ये, कोलंबस दिनाला.

१९४४ च्या जी. आय. बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याच्या कायद्यामुळे, परतलेल्या सैनिकांची कॉलेजात रीघ लागली. पण बहिष्कृतांची म्हणून निघालेल्या संघटनांपुढे आता उलटा प्रश्न आला : दार आपणही लावायचे का? १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या राज्य विद्यापीठाने आपल्या कॉलेजांत राष्ट्रीय फ्रॅटर्निटींशी संलग्नता बंद केली आणि वंश, धर्म वा मूळ देश पाहून भेद करणाऱ्या संघटनांना मनाई केली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही हा आदेश टिकला. काळ बदलला होता. इटालियन मुलाला इतर घरेही आता घेऊ लागली होती. अल्फा फाय डेल्टाने यथावकाश वंशाची अट सोडली आणि ‘इटालियन वारसा’ हे शब्द तेवढे ठेवले. बहुतेक वांशिक पायावरच्या फ्रॅटर्निटींनी हाच मार्ग धरला. काही मोठ्या संघटनांत विरून गेल्या. ही टिकली.

टिकण्यामागे माजी सभासदांच्या क्लबांचा वाटा मोठा आहे. पदवीनंतरही हे क्लब शहरवार चालतात, आणि शिष्यवृत्त्यांसाठी संघटनेचे वेगळे प्रतिष्ठान आहे. नवागतांच्या छळाबाबत पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये केलेला कडक कायदा तिथल्या इतर सर्व फ्रॅटर्निटींप्रमाणे या संघटनेच्या शाखांनाही लागू आहे.