सागरी आक्रमक प्रजाती : मानवी व्यवहारांतून होणारा प्रसार

मूळ अधिवासाबाहेर माणसाच्या हातून, कळत वा नकळत, पोहोचलेल्या आणि तेथील जीवसृष्टीला, मासेमारीला किंवा बांधकामांना उपद्रव देणाऱ्या समुद्री प्राणी-वनस्पतींना सागरी आक्रमक प्रजाती म्हणतात. परका जीव आला की तो आक्रमक झालाच असे नव्हे. आलेल्यांपैकी बहुतेक मरून जातात. जे टिकतात त्यांना माणसाने नुसते वाहून आणलेले नसते, त्यांच्यासाठी जागाही तयार ठेवलेली असते.

वाहतुकीचा सर्वांत चर्चेतला मार्ग म्हणजे जहाजाचे बॅलास्ट पाणी. माल उतरवून हलके झालेले जहाज डोलू नये म्हणून टाक्यांत बंदराचेच पाणी भरून घेते आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देते. त्यात प्लवक (पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव), जिवाणू आणि शिंपले-खेकड्यांचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्ले, असतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस हा जेलीफिशसारखा पारदर्शक जीव १९८० च्या दशकात बहुधा असाच काळ्या समुद्रात गेला. प्लवकांबरोबर त्याने माशांची अंडी आणि पिल्लेही फस्त केली आणि तेथील अँकोव्ही या छोट्या माशांची मासेमारी कोसळली. अर्थात त्याआधीच्या बेसुमार मासेमारीनेही त्याची वाट मोकळी केली होती.

बॅलास्टच्या गाजावाजात जहाजाचा तळ मात्र मागे पडतो. तळावर, सुकाणूच्या सांध्यांत आणि समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळीदार कप्प्यांत बार्नेकल (कठीण कवचाचे, एका जागी चिकटून राहणारे जीव), शेवाळ आणि शिंपले चिकटून प्रवास करतात. कॅरिबियन व मेक्सिकोच्या आखाताकडचा मायटिलॉप्सिस सॅलेई हा जेमतेम बोटाच्या पेराएवढा शिंपला त्याचा ठळक नमुना आहे. भारतात तो १९६० च्या दशकात विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला, पुढे मुंबईच्या गोद्यांतही आढळला. जवळजवळ गोड पाण्यापासून अतिखाऱ्या पाण्यापर्यंत तो तग धरतो, जन्मल्यावर महिना-दीड महिन्यात प्रजननक्षम होतो आणि एकावर एक थर रचत खांब, साखळ्या, दोर झाकून टाकतो. पाण्याचे नळ तुंबतात ते वेगळेच.

ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात १९९९ च्या मार्चमध्ये हाच शिंपला एका मरिनात, म्हणजे नौका लावायच्या छोट्या बंदरात, सापडला. काही महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. आता मात्र चौरस मीटरमागे हजारोंनी होता. डार्विनच्या भरती-ओहोटीत मोठा फरक असल्याने तिथल्या मरिनांना पाणी अडवणारे दरवाजे होते. ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले. आतले इतर जीवही मेले, पण महिन्याभरात शिंपला नाहीसा झाला. समुद्रात पसरलेली प्रजाती समूळ काढल्याची उदाहरणे अगदी मोजकी आहेत आणि इथेही यश मिळाले ते पाणी कोंडता आले म्हणून. उघड्या खाडीत हा उपाय करता येत नाही.

धक्के, समुद्रभिंती, तरंगते फलाट आणि बोये हा प्रसाराचा दुसरा भाग. जिथे मुळात चिखल किंवा वाळू होती तिथे माणसाने काँक्रीट आणि पोलादाचा कडक पृष्ठभाग आणून ठेवला. त्यावर जुन्या रहिवाशांचा ताबा नसतो. बंदरातल्या सांडपाण्याने आणि तेलाने नाजूक स्थानिक जीव मागे हटतात, चिवट पाहुणे राहतात. पुढे छोट्या होड्या आणि बार्ज त्यांना शेजारच्या खाड्यांत नेतात. तरंगता प्लास्टिक कचराही हेच करतो: २०११ च्या त्सुनामीने जपानहून वाहून गेलेल्या अवशेषांवरून सुमारे २८९ प्रजातींचे जिवंत जीव उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणि हवाईत पोहोचल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

काही प्रजाती मुद्दाम आणल्या जातात. कॅराजीनन हा खाद्यपदार्थ घट्ट करणारा पदार्थ मिळवण्यासाठी भारतात आणलेले कॅपाफायकस हे फिलिपाइन्सच्या कुळातले शैवाल तमिळनाडूत मंडपमच्या आसपास लावले गेले. २००८ मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरलेले आढळले. या लागवडीवर किनाऱ्यावरच्या अनेक बायकांची रोजी चालते, त्यामुळे प्रश्न निव्वळ बंदीने सुटण्यासारखा नाही.

ही वाहतूक एकाच दिशेने होत नाही. कोकण-गोव्याच्या खडकांवरून खरवडून आणून चवीने खाल्ले जाणारे हिरवे शिनाणे (एक जातीचे शिंपले) १९९९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा खाडीत एका वीजकेंद्राच्या यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाहिन्यांत सापडले. तिथे त्यांची गणना उपद्रवी पाहुण्यांत होते.

नियंत्रणाच्या बाजूने पाहता, २००० मध्ये सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या सहा प्रायोगिक बंदरांत मुंबई होते. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार सोडलेल्या पाण्यात घनमीटरमागे ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावे लागतात. त्यासाठी जहाजांवर गाळण आणि अतिनील किरणांची किंवा क्लोरीनची यंत्रे बसवतात. तळावरच्या जीवांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०२३ मध्ये ती सुधारली, पण ती ऐच्छिक आहेत. न्यूझीलंडने २०१८ पासून येणाऱ्या जहाजांना तळ स्वच्छ असल्याचे दाखवणे बंधनकारक केले आहे.